बोक्याची टाच

माझं काम कपडेपटाचं, आणि कपडेपट सांभाळण्यात आयुष्य घालवलेल्या बाईला माणसांवर विश्वास ठेवायला सांगू नये. नट सांगतो, ताई, मी सिगरेट सोडली. त्याच्या कोटाची कॉलर मला वेगळंच सांगते. नटी सांगते, वजन घटलंय माझं; ब्लाउजच्या शिवणी तिला तोंडघशी पाडतात. माणूस खोटं बोलतो, कपड्याला ते जमत नाही. म्हणून मी आधी वास घेते आणि मग चौकशी करते. मंडळी माझ्या पाठीमागे मला 'नाक' म्हणतात. म्हणू देत. नाक नसतं तर या मंडळींनी मला केव्हाच गुंडाळून ठेवलं असतं.

गोष्ट मात्र बोक्याची आहे. बोका म्हणजे आमच्या नाटकात सेट हलवणारा माणूस, आणि माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. अंगाने दांडगा, दारातून जाताना खांदे तिरके करावे लागतात असा. पण चालतो असा की तुमच्या मागून निघून जाईल आणि पत्ता लागणार नाही. आमच्याकडे विंगेत दोन कायदे आहेत. पायात काही घालायचं नाही आणि तोंड उघडायचं नाही, कारण प्रेक्षक हाताच्या अंतरावर असतात. आम्ही बाकीचे हे कायदे नाइलाजाने पाळतो आणि बाहेर पडलो की बडबडून भरपाई करतो. बोक्याच्या मात्र ते अंगवळणीच पडले होते. तो घरीही अनवाणी आणि घरीही मुका. त्याला काही विचारलं तर आधी मान हलवतो, आणि मान हलवून भागलं नाही तरच शब्द खर्च करतो.

धाकटीने त्याच्याशी लग्न का केलं ते मलाच ठाऊक आहे. आमचे वडील प्यायचे. लहानपणी आम्ही दोघी अंथरुणात पडून जिन्यावरची त्यांची पावलं ऐकायचो. पाऊल सरळ पडलं तर झोपायचं. घसटत आलं तर उठून आईजवळ जाऊन बसायचं. आणि दोन पायऱ्यांच्या मध्ये फार वेळ गेला तर मागच्या दाराने शेजारणीकडे. मला त्यातून नाक मिळालं आणि धाकटीला कान. पुढे मोठी झाल्यावर ती माझ्याकडे इस्त्रीला मदत करायला यायची. एकदा बोक्याने तिच्या पाठीमागून कपड्यांचा अख्खा स्टँड नेला आणि तिला तो गेल्यावर कळलं. "ताई, हा माणूस येतो ते ऐकूच येत नाही गं," ती म्हणाली. दुसऱ्या मुली एखाद्याच्या डोळ्यांबद्दल ज्या आवाजात बोलतात त्या आवाजात म्हणाली. माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. पुढचे कित्येक महिने मी बोक्याचे शर्ट हुंगले. लाकडाचा भुसा, घाम, बस. मग मी होकार दिला.

लग्नाच्या दिवशी धाकटीने माझ्यासमोर त्याला एकच सांगितलं. "पिऊन आलात तर मी ताईकडे जाईन. परत बोलवायला यायचं नाही." त्याने मान हलवली. मी आहेर म्हणून तिला एक चांगली मजबूत बॅग दिली, रिकामी. पाहुण्यांना वाटलं प्रवासाला दिली. ती बॅग त्यांच्या दारामागच्या खुंटीला तेव्हापासून रिकामीच टांगलेली होती, आणि माझी तिच्याबद्दल काही तक्रार नव्हती.

यंदाच्या नाटकात एक जिना आहे. दुसऱ्या अंकात आई आणि मुलगा बसून इतका वेळ बोलतात की पुढच्या रांगेतली म्हातारी माणसं सुखाने डुलक्या घेतात. विंगेत आम्हाला तेव्हा काही काम नसतं, सगळे ट्रंकांवर बसून राहतात. मग एकदम अंधार. त्या अंधारात बोका एका बाजूने आणि आमचा सुतार दुसऱ्या बाजूने चाकांवरचा तो जिना ढकलत आत आणतात, जमिनीवरच्या चमकत्या खुणेवर उभा करतात आणि बोका खालची खिटी लावतो. खिटी लागली की चाकं गप्प. नायिका तोवर अंधारातच वर चढलेली असते. प्रकाश येतो तेव्हा ती सगळ्यात वरच्या पायरीवर उभी असते आणि टाळ्या पडतात. खिटी लागली नाही तर जिना तिच्या पायाखालून निघून जाईल. हे सगळं चारपाच श्वासांत व्हावं लागतं, आणि आजवर ते इतकं बिनबोभाट झालं की त्या टाळ्यांत आपलाही वाटा आहे हे बोक्यालाही आठवत नसे.

मग आमचं जुनं नाट्यगृह दुरुस्तीसाठी बंद झालं आणि आम्ही नव्या सभागृहात आलो. जुन्या रंगमंचाच्या फळ्यांखाली पोकळी होती, चालताना फळी जराशी दबायची आणि पायाला परत उचलून द्यायची. नवीन रंगमंच सिमेंटचा, त्यावर पातळ प्लायवूड आणि काळा रंग. दिसायला झकास. सभागृह थोड्याच काळासाठी मिळालं होतं म्हणून मॅनेजरने दिवसाला दोन प्रयोग लावले, एक सकाळी आणि एक दुपारी. बोका आधी जेवढा राबायचा त्याच्या दुप्पट राबू लागला, त्याच अनवाणी पायांनी.

काही आठवडे बरे गेले. मग एका प्रयोगात, त्या अंधारात, मला 'धप्' असा आवाज आला. बोक्याचं पाऊल मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. जिना खुणेवर गेला, पण जरा उशिरा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. नायिका विंगेत आल्यावर माझ्या कानाशी पुटपुटली, "वर उभी होते आणि जिना हलला हो." मी तिच्या पाठीचे हूक काढत होते. कुठेतरी पाणी मुरतंय एवढं मला कळलं.

त्याच आठवड्यात धाकटी माझ्या घरी आली. चहाही घेतला नाही. "ताई, ते सकाळी उठले की भिंत धरून चालतात."

मी हातातलं काम खाली ठेवलं. भिंत धरून चालणं म्हणजे काय हे आम्हा दोघींना कोणी समजावून सांगायला नको होतं.

"रोज?"

"रोज. पलंगावरून उतरतात आणि पाऊल घसटत बाथरूमपर्यंत जातात. काल तर भिंतीला दोन्ही हात टेकून, डोकं खाली घालून उभे होते. किती तरी वेळ. मी विचारलं काय होतंय, तर मान हलवली. नऊ-साडेनऊला बाहेर पडतात तेव्हा अगदी ठणठणीत."

"फ्रीजमध्ये काही?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "एक बाटली असते. फडक्यात गुंडाळलेली. सकाळी घेऊन जातात. मी हात लावला नाही. मला भीती वाटते गं हात लावायची." मग ती म्हणाली, "तू तिथे असतेस. तू बघ आणि मला सांग. तू हो म्हणालीस तर मी बॅग भरते."

आता मला सांगा, संशय घेऊ नये तर काय करावं? दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि आम्ही दोघी तर लहानपणापासून फुंकतच आलोय. तिचा संसार माझ्या एका शब्दावर टांगलेला होता, त्या खुंटीवरच्या बॅगेसारखा. चुकीचं 'हो' म्हटलं तर चांगला माणूस जाणार, चुकीचं 'नाही' म्हटलं तर माझी बहीण आईच्या जागी जाऊन बसणार. मला दुसऱ्याची जास्त भीती वाटत होती, ते मी लपवत नाही.

मी पाळत सुरू केली. सकाळी सेट लावताना बोका शिडीवर चढायचा, खिळे ठोकायचा, पडदे ओढायचा, कुठे काही नाही. पण मधल्या सुट्टीत जेवून उठला की पहिली काही पावलं टाच न टेकता, चवड्यावर टाकायचा, आणि मी बघतेय असं दिसलं की सरळ चालायचा. चोराच्या मनात चांदणं. त्याचा काळा शर्ट मी धुवायच्या निमित्ताने मागून घेतला आणि हुंगला. भपकन मलमाचा वास आला, डोळ्यांतून पाणी काढणारा. आमचे वडील लवंग चघळायचे. एका वासावर दुसरा वास चढवणं हा पिणाऱ्यांचा जुना धंदा आहे.

मॅनेजरही माझ्याकडे आला. हा माणूस चष्मा कपाळावर ठेवून फिरतो आणि समजतो की आपल्याला सगळं दिसतं. "ताई, तुमचे मेहुणे घेतात की काय?"

"बघते," मी म्हणाले.

"बघा. मोटारवर चालणारा जिना मिळतो हल्ली. बटण दाबलं की आत. त्याला माणूस लागत नाही."

सुताराला मात्र बोक्याची दया आली. आपला जोडीदार थकलाय असं वाटून त्याने त्या लांबलचक प्रवेशात बोक्याला बसायला गादी घातलेली ट्रंक आणून दिली. बोका त्यावर बसायचा आणि उठताना अजूनच धडपडायचा. दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला, पण हे मला नंतर कळलं. तेव्हा मी सुताराचाही संशय घेतला, की दोघं मिळून घेत असतील.

शेवटी एका दुपारच्या प्रयोगात मी कपडेपट सोडून विंगेत आले आणि काळ्या पडद्याआड उभी राहिले. आई आणि मुलगा बोलत होते. बोका ट्रंकेवर बसलेला, फक्त मान आणि खांदे दिसत होते. थोड्या वेळाने त्याने सेट दाबून ठेवायच्या लोखंडी वजनांच्या मागे हात घातला आणि फडक्यात गुंडाळलेली बाटली काढली. इकडेतिकडे पाहिलं. मांजर डोळे मिटून दूध पितं तसं. मग बाटली खाली नेली, मान झुकवली, आणि त्याच्या तोंडून एक मोठा सुटकेचा श्वास निघाला. तो श्वास मी ओळखत होते. पहिल्या घोटानंतर वडील तसाच सोडायचे. पिणारा माणूस वर बघतो आणि हा खाली बघत होता, हे मला तेव्हा खटकायला हवं होतं. खटकलं नाही.

मी पुढे झाले आणि खाली वाकून ती बाटली ओढून घेतली.

हाताला चटका बसला, इतकी गार. आतल्या पाण्यात बर्फाचा गोळा अजून शिल्लक होता. बोका दचकून माझ्याकडे बघत राहिला. त्याचा उजवा पाय, जिथे बाटली होती तिथे, तसाच अधांतरी होता. विंगेत बोलायचं नाही. त्याने नुसता हात पुढे केला, द्या म्हणून. मी दिली नाही. मी झाकण उघडून वास घेतला. पाण्याला वास नसतो. तरी मी दुसऱ्यांदा घेतला.

आणि अंधार झाला.

बोका उठला. उजवी टाच जमिनीला लागली तसा तो कळवळला, "आई गं" असं दबलेलं काहीतरी त्याच्या तोंडून निघालं. सुताराची बाजू पुढे गेली, बोक्याची मागे राहिली, जिना तिरका झाला. नायिका चढायला लागलेली होती, तिच्या साडीची सळसळ मला ऐकू येत होती. खिटीचा आवाज आलाच नाही. मी बाटली छातीशी धरून उभी होते.

प्रकाश आला. नायिका वर उभी होती. टाळ्या पडल्या. बोका कुठेच नव्हता. मी वाकून पाहिलं तेव्हा दिसला. जिन्याच्या पोटाखाली, प्रेक्षकांना दिसणार नाही असा, दोन्ही हात आणि गुडघे टेकून, पाठ चाकाच्या लाकडाला लावून बसला होता. खिटी चुकली म्हणून स्वतःच खिटी झाला होता. आता प्रकाश होता, हलायची सोय नव्हती. नायिका वर चढली, खाली उतरली, पुन्हा चढली, रडली, आणि तो सगळा प्रवेश बोक्याने पाठीवर घेतला. जिना केसभर हलला नाही. मी बघत होते. प्यालेला माणूस असा बसू शकत नाही. वडिलांना तर सरळ खुर्चीतही बसता येत नसे.

प्रयोग संपल्यावर मॅनेजर कपडेपटाच्या दारात येऊन उभा राहिला. "उद्यापासून यांना घरी बसवा. मी मोटारवाल्याला फोन करतो."

"आधी मला बघू द्या," मी म्हणाले. "बोकेराव, पाय वर ठेवा. या इस्त्रीच्या टेबलावर."

त्याने ठेवला. तळवा कोरडा, टाचेला भेगा, वर मलमाचा थर. बाहेरून सूज नाही, लाली नाही, काही नाही. मला पुन्हा संशय आला. मी अंगठ्याने दाबत दाबत गेले. मधल्या खळगीत काही नाही, टाचेच्या मागे काही नाही. टाचेच्या तळाशी, आतल्या बाजूला, जिथून खळगी सुरू होते तिथे दाबलं आणि बोक्याने टेबलाची कड धरली. डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि चेहरा वाकडा झाला. मी जन्मभर विंगेतून नट पाहिलेत, चांगले पाहिलेत आणि टुकार पाहिलेत. तसा चेहरा कोणाला करता येत नाही.

"कधीपासून?"

"इथे आलो तेव्हापासून," तो म्हणाला.

"डॉक्टरकडे गेला होता?"

त्याने मान हलवली. मी बाटली उचलून टेबलावर आपटली. "मानेने नाही, तोंडाने."

मग बोका बोलला. आमच्या नात्याला एवढी वर्षं झाली, इतकं लांब तो कधीच बोलला नव्हता. "हाडांच्या डॉक्टरकडे गेलो, ताई. त्यांनी फोटो काढला. टाचेच्या हाडाला काटा आलाय म्हणाले. मी घाबरलो, म्हटलं कापणार. तर म्हणाले, काट्याकडे बघू नका. असे काटे पुष्कळांना असतात, त्यांना पत्ताही नसतो. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो. तो ताणून ताणून दुखावलाय. जमीन कडक, पाय उघडे, काम अचानक दुप्पट, आणि पोटऱ्या आखडलेल्या, त्या मागून ओढतात. म्हणून."

मॅनेजरने चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "मग सकाळी शिडीवर कसे टणाटण चढता?"

"तेच तर. बसलं किंवा झोपलं की तो पट्टा आखडतो. उठून पहिलं पाऊल टाकलं की खिळा घुसल्यासारखं होतं. थोडं चाललं की मोकळं होतं. फार राबलं की पुन्हा धरतं."

"आणि भिंत?" मी विचारलं. "सकाळी भिंतीला टेकून काय करता?"

"पोटरी ताणायचा व्यायाम. पाय मागे, टाच जमिनीला, भिंत ढकलायची. आणि गोठलेली बाटली तळव्याखाली फिरवायची, ते सांगितलंय. सुई देणार नाही म्हणाले, आधी हे करा, महिने लागतील."

"मग तोंड शिवलं होतं का तुमचं? सांगायला काय झालं होतं?"

तो आपल्या पायाकडे बघत राहिला. "मुख्य औषध त्यांनी चपलेचं सांगितलं, ताई. घरी, कामावर, कुठेही अनवाणी फिरायचं नाही. मऊ, टाचेला आधार असलेली चप्पल हवी. विंगेत चप्पल घालणारा माणूस कोण ठेवील?" मग मॅनेजरकडे न बघता म्हणाला, "आणि यांच्या टेबलावर मोटारच्या जिन्याची जाहिरात मी केव्हाच पाहिली होती."

म्हणजे मी त्याच्यावर पाळत ठेवत होते आणि तो मॅनेजरवर. मॅनेजरचा फोन खिशातच राहिला. डॉक्टरचाही मला आधी संशय आला होता. पण जो माणूस कापत नाही, सुईची घाई करत नाही आणि घरातली भिंत आणि पाण्याची बाटली वापरायला सांगतो, त्याला लबाडी करून मिळणार काय? मी त्याला सोडून दिलं.

मी संशय घेतला यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. बाटली ओढायला नको होती, एवढंच.

त्याच संध्याकाळी मी धाकटीकडे गेले. बॅग खुंटीवर नव्हती. दाराशी जमिनीवर होती, माझ्या शब्दाची वाट न बघताच भरून फुगलेली.

"टाच आहे," मी सांगितलं. "दारू नाही. टाच दुखतेय त्यांची." आणि सगळं सांगितलं, पट्टा, काटा, भिंत, बाटली.

ती म्हणाली, "वास कसला आला?"

"मलमाचा."

"बाबा लवंग चघळायचे."

"मी स्वतः दाबून पाहिलंय गं."

"तुझा अंगठा खरा असेल, ताई." ती म्हणाली. "पण ते येतात तेव्हा जिन्यावर पाऊल घसटतं. मी आत भाकरी थापत असले तरी हात थांबतो. मला माहीत असलं तरी थांबतो. मी काय करू त्या हाताला?" तिने बॅग उचलून पुन्हा खुंटीला टांगली, पण भरलेलीच. "आवाज थांबला की बघू."

मी घरी येताना रडले नाही, चिडले. वडिलांवर चिडले. इतकी वर्षं झाली जाऊन, अजून जिन्यावरून उतरत नाहीत.

म्हणून मग मी बूट करायला घेतले. मऊ तळ, टाचेखाली जाड गादी, आणि आवाज शून्य. पहिल्यांदा रबरी तळाचे तयार बूट आणले. रंगमंचाच्या काळ्या रंगावर ते उंदरासारखे चीं-चीं करू लागले. मॅनेजरने डोळे वटारले. मग मी पेटारा उघडला आणि एका जुन्या नाटकातल्या न्यायाधीशाचा जाड लोकरी कोट बाहेर काढला. तो कोट मॅनेजरचा जीव की प्राण, कारण त्यात त्याने तरुणपणी एकदा भूमिका केली होती. मी त्याची पाठ कापली. लोकरीचे थर एकावर एक चिकटवून बुटांच्या तळाला शिवले आणि आत टाचेची उशी घातली. मॅनेजरला कळलं तेव्हा तो इतका ओरडला की बाहेरचा तिकीटवाला धावत आला.

"परीक्षा घ्या," मी म्हणाले. "आवाज आला तर कोटाचे पैसे माझ्या पगारातून."

तो चडफडत पहिल्या रांगेत जाऊन बसला आणि डोळे मिटले. "चालू द्या."

सभागृहात शांतता. बराच वेळ गेला. मॅनेजर डोळे मिटूनच खेकसला, "अहो, चाला की."

"दोनदा जाऊन आलो, साहेब," बोका त्याच्या खुर्चीच्या मागून म्हणाला.

मॅनेजर जागच्या जागी उडाला. त्यानंतर मोटारच्या जिन्याचा विषय निघाला नाही.

सुताराची गादी मी काढून घेतली. त्या लांब प्रवेशात बोका आता बसत नाही, फळीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा सावकाश खाली सोडतो आणि वर घेतो. आईची भूमिका करणारी नटी म्हणते, माझं सगळ्यात दुःखाचं वाक्य येतं तेव्हा हा विंगेत कवायत करतो. जड वजनं सुताराकडे गेली. घरीही बोका मऊ चप्पल घालून वावरू लागला. गुण यायला फार वेळ लागला. मध्ये एकदा बरं वाटलं म्हणून त्याने एकट्याने सगळा सेट उतरवला आणि पुन्हा भिंत धरून चालू लागला. त्या आठवड्यात मी त्याचे शर्ट पुन्हा हुंगले. सांगून ठेवते, अजूनही हुंगते.

आणि त्या अंधारात मी रोज विंगेत येऊन उभी राहायचे, कान देऊन. लहानपणी द्यायचे तसा. आधी 'धप्', मग नुसती 'घस', मग एका दिवशी काहीच नाही. मला वाटलं बोका आलाच नाही. प्रकाश आला तेव्हा जिना खुणेवर होता, खिटी लागलेली होती, आणि नायिका वर उभी होती.

धाकटीला मी काही कळवलं नाही. माझ्या सांगण्यावर तिचा कान विश्वास ठेवत नाही, ते तिने मला सांगितलंच होतं. काही दिवसांनी तिचाच फोन आला.

"तुझी ती बॅग घेऊन जा."

"का गं?"

"दार नीट उघडत नाही तिच्यामुळे." मग म्हणाली, "ताई, काल ते कधी आले मला समजलंच नाही. माझा डोळा लागला होता."

नवरा घरी यायच्या आधी माझ्या बहिणीचा डोळा कधी लागत नाही. आमच्या घरात कोणाचाच लागत नसे.

मी त्याच दुपारी जाऊन बॅग घेतली. रिकामी होती. जिना उतरताना मधल्या पायरीवर थांबले, चेन उघडली आणि आत नाक घातलं. सवय. नुसता बंद कापडाचा वास होता, दुसरं काही नाही. मी तिथेच पायरीवर बसले आणि बॅग मांडीवर घेऊन रडले, चांगली पोटभर रडले.

"ताई, जरा सरकता का?"

बोका होता. हातात भाजीची पिशवी घेऊन, दोन पायऱ्या खाली, कोण जाणे केव्हाचा उभा होता.